नंबराला ठेवलेली चप्पल

सावळाराम तात्या पाण्याच्या टाकीचा जिना चढायला लागले आणि कुशाबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आता कुणी म्हणेल, नवरा जिना चढला तर बायकोनं एवढं काय मनावर घ्यायचं? पण तात्यांचा उजवा गुडघा सहा वर्षांपासून धरलेला. माळ्यावरची लसणाची जुडी काढा म्हटलं तरी गुडघ्याचं नाव सांगून बसून राहणारा हा गडी. तोच आता रोज सकाळी गावच्या, म्हणजे कऱ्हाटीच्या टाकीचा गोल जिना दहा-दहा वेळा चढत-उतरत होता, तेही मनगटावरच्या घड्याळात बघत. कुशाबाईनं विचारलं, तर म्हणाले डॉक्टरनं सांगितलंय. कुठल्या डॉक्टरनं, ते काही सांगेनात. दुखऱ्या गुडघ्याला जिना चढायला सांगणारा डॉक्टर अख्ख्या बारामतीत शोधून सापडला नसता, एवढं कुशाबाईलाही कळत होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

कुशाबाईचा स्वभाव आधीच सांगितलेला बरा. बाई कामाला वाघ, हाताला चव, शब्दाला पक्की. पण माणसावर विश्वास टाकायचा म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. डेअरीत दूध घालताना तिचं लक्ष मापावर. देवळात हात जोडायचे देवाला आणि डोळे ठेवायचे दारातल्या चपलांवर. आणि या स्वभावाची लाज सोडाच, तिला त्याचा अभिमान होता. 'माजी नजर हाय' म्हणायची. नजरेचा पुरावा म्हणून तिच्याकडं एक गोष्ट होती. ती तिनं गेल्या पस्तीस वर्षांत हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीला, एसटी स्टँडच्या बाकड्यावर, जिथं चार बायका भेटतील तिथं सांगितली होती.

गोष्ट अशी. मुलाच्या, म्हणजे इंद्रजितच्या वेळेला ती बारामतीत एका दवाखान्यात होती. आधीची दोन पोटं गेलेली, आणि हे पोर पायाळू, पायाकडून येणारं. कळा वाढल्यावर तिथल्या मल्याळी नर्सनं कुशाबाईच्या नाकातली मोत्याची नथ आपल्या हातानं काढली आणि कापसात गुंडाळून उशीखाली ठेवली. नथ कुशाबाईच्या आईनं दिलेली. पोर सुखरूप झालं, पण तिसऱ्या दिवशी बघते तर उशीखाली नुसता कापूस. कुशाबाईनं नर्सच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. 'नुसत्या नजरंनं धरली बघा चोरटीला,' असं ती या ठिकाणी हमखास म्हणायची. मग तात्या डॉक्टरपुढं जाऊन उभे राहिले, की एक तर नथ द्या, न्हाय तर ती बाई घालवा. नर्सला त्याच दिवशी घालवलं. नथ काही मिळाली नाही. 'आन आमच्या सासूबाई रंगुबाई, बिचाऱ्या कॉटपाशी पदर तोंडात कोंबून बसलेल्या. दोन दिस तोंडातनं शब्द न्हाय. इतकं लागलं बघा त्यास्नी.' इथं गोष्ट संपायची आणि बायका हळहळायच्या.

तर अशा बाईचा नवरा तिला न सांगता जिने चढत होता.

त्याच्या महिनाभर आधी काय झालं होतं, तर पुण्याहून इंद्रजित आणि सून स्वरूपा आले होते. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणून दोघांना मोठ्या बोटीवर फिरायला पाठवायचं त्यांनी ठरवलेलं. कुशाबाईनं उभ्या जन्मात मोठं पाणी पाहिलं होतं ते उजनीचं, डाळजला माहेरी जाताना. बोट म्हणजे तिच्या लेखी भोयांची मासे धरायची होडी. स्वरूपानं मोबाईलवर तीन बोटींची चित्रं दाखवली. एक गोव्याला जाणारी, एक बेटांवर, एक कोचीला. तात्यांनी चष्मा न लावता सरळ तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. कोचीच कशाला, कुशाबाईनं विचारलं. म्हणाले, तिकडं मिरी चांगली मिळते. स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा न येणाऱ्या माणसाला मिरीचा एवढा कळवळा! कुशाबाईनं ते तिथल्या तिथं मनात गाठ मारून ठेवलं.

मग तात्या गोठ्यात बसून मोबाईल बघायला लागले, आवाज बारीक करून. एकदा वैरण टाकायच्या निमित्तानं ती मागून गेली. मोबाईलमधला एक चष्मेवाला सांगत होता, की बंदरात बोट लागली की झटक्यात खाली कसं उतरायचं. बोटवाल्यांच्या सहलीला जाणारी माणसं छातीला नंबराची चिकटी लावून मोठ्या हॉलमध्ये बसवतात आणि त्यांना आधी सोडतात. आपापलं फिरणाऱ्यांनी मग कसं करायचं? लिफ्टच्या नादी लागायचं नाही, तिथं गर्दी मावत नाही, जिन्यानं जायचं. उतरायचं दार कुठल्या मजल्यावर उघडणार ते आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं. कार्ड आणि ओळखपत्र वरच्या खिशात. पोटाला हलकं काहीतरी. आणि पुकारा व्हायच्या आधी दारापाशी हजर. परतायची वेळ मात्र चुकवायची नाही, बोट कुणासाठी थांबत नाही.

जिन्याचं कोडं सुटलं, पण त्यातून दुसरं मोठं निघालं. इंद्रजितनं तर दोघांनाही बोटवाल्यांचीच सहल घेऊन दिलेली. बसनं न्यायचे, किल्ला आणि मासेमारीची मोठी जाळी दाखवायचे, बसनं आणून सोडायचे. छातीला चिकटी लावून आरामात बसायचं सोडून या माणसाला एकट्यानं धावत खाली कशाला उतरायचं होतं? कन्हेरीचा एक पेन्शनर साठी उलटल्यावर घर सोडून गेला होता, ते कुशाबाईला आठवलं. त्याची बायकोही शेवटपर्यंत म्हणत होती, आमचं मालक तसलं न्हाईत.

धुण्याला टाकलेल्या सदऱ्यात इंदापूरच्या एसटीची तिकिटं निघाली. पंधरा दिवसांत तीन वेळा. तात्यांनी घरी सांगितलेलं की ठिबकच्या नळ्या बघायला बारामतीला चाललोय. इंदापुरात कुशाबाईची चुलतबहीण होती, तिला फोन लावला. बहिणीनं दोन दिवसांत खबर काढली, की दाजी सोपान कंपाउंडरकडं येत्यात, दार लोटून बोलत बसत्यात. हा सोपान पूर्वी बारामतीत कंपाउंडर होता आणि दवाखाना सुटल्यापासून इंदापुरात राहून लोकांच्या सोयरिकी जुळवायचा. सोयरिकी! घरात लग्नाचं तर कुणी उरलं नव्हतं.

शेवटी टोपीच्या घडीत कागद सापडला. कुशाबाई चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचलं. तात्यांचंच अक्षर. 'अन्नम्मा. चेर्तला. गाडीनं एक तास. पावणेआठला खाली. एकच्या आत बोटीवर.'

अन्नम्मा. बाईचं नाव.

कुशाबाई ओट्यावर बसली. चाळीस वर्षं या माणसाचं केलं. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर त्याच्या पाळ्या, त्याच्या डब्याच्या वेळा, त्याच्या आईचं आजारपण, सगळं. नातीचं बारसं होऊन आठ महिने झाले, आणि म्हाताऱ्याला आता म्हातारचळ लागला. तिला रडू आलं, मग रडल्याचा राग आला. इंद्रजितला फोन करावा असं वाटलं, पण पोराला काय सांगायचं? आणि नुसतं विचारलं असतं तर तात्यांनी पुन्हा मिरी सांगितली असती. तिनं कागद होता तसा टोपीत ठेवला आणि ठरवलं, की ताकास तूर लागू द्यायची नाही. बोटीवर जायचं, कोचीला उतरायचं, आणि त्या अन्नम्माच्या दारात नवऱ्याला धरायचं.

बोट मुंबईहून निघाली. बोटीचं वर्णन कुशाबाई पुढं कधी नीट करू शकली नाही, कारण दोन दिवस तिनं बोट पाहिलीच नाही, नवरा पाहिला. तात्या कुणाकुणाला विचारत होते की दार कुठल्या मजल्यावर उघडणार. तिसऱ्या, असं कळल्यावर त्यांनी दोनदा जिन्यानं जाऊन यायला किती वेळ लागतो तेही बघितलं. कुशाबाई त्यांच्या मागं वीस पावलांवर.

दुसऱ्या दिवशी जेवायला टेबलावर सोलापूरचं एक मास्तर जोडपं होतं. बोलता बोलता चोऱ्यामाऱ्यांचा विषय निघाला आणि कुशाबाईनं सवयीनं नथीची गोष्ट काढली. 'नुसत्या नजरंनं धरली बघा,' इथपर्यंत आली, तर तात्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, पुरं कर आता ती गोष्ट. पस्तीस वर्षांत ते असं पहिल्यांदा म्हणाले. मास्तरीणबाई ओशाळल्या. कुशाबाईनं गोष्ट हट्टानं पुरी केली, पण मनात हेही लिहून ठेवलं, की आता आपली गोष्टसुद्धा यांना नकोशी झाली.

कोचीच्या दिवशी सकाळी तात्या सहालाच आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. म्हणाले, पोट बिघडल्यासारखं वाटतंय, तू बसनं फिरून ये, मी खोलीतच पडतो. पोट बिघडलेला माणूस डोक्याला टोपी घालून पडतो काय? कुशाबाई बरं म्हणाली. ते 'जरा वारा खाऊन येतो' म्हणून बाहेर पडले, आणि थोडा वेळ जाऊ देऊन तीही पदर खोचून निघाली. लिफ्टपाशी ही गर्दी. ती जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर उतरली.

तिथं मोठं लोखंडी दार, दाराला आडवी दोरी, दोरीपाशी निळ्या कपड्यातला एक पहारेकरी. आणि दोरीच्या अलीकडं, बरोबर मधोमध, एक चप्पल. उजव्या पायाची. बारामतीच्या चांभारानं अंगठ्यापाशी हिरव्या दोऱ्यानं शिवलेली.

कुशाबाईच्या एका क्षणात ध्यानात आलं. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली, की गाडीवान नंबराला चप्पल ठेवून चहाला जायचे. मग तासभर कुणी आलं नाही तरी त्या चपलेच्या पुढं गाडी घालायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं तात्यांनी त्या चपलांचा कायदा सांभाळला होता. आता साहेब पहिला नंबर लावून वर चहा प्यायला गेले होते. पहारेकऱ्याला यातलं काय कळणार? बेवारस चप्पल बघून त्याचा चेहरा पडलेला. तो हातातल्या यंत्रावर कुणाला तरी बोलावत होता, आणि रबरी हातमोजे घातलेला दुसरा एकजण लांब उभा राहून चपलेकडं टक लावून बघत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी ती चिमट्यानं उचलून नेली असती आणि तात्यांचा नंबर गेला असता.

कुशाबाई पुढं झाली, चप्पल उचलली आणि जिथं ती होती तिथं स्वतः उभी राहिली. हिंदीत म्हणाली, मेरा हाय. पहारेकऱ्यानं तिच्या पायांकडं बघितलं. दोन्ही पायात धड चपला. पण बाईचा चेहरा बघून त्यानं पुढं काही विचारलं नाही.

मागं माणसं गोळा झाली. हॉलमधल्या चिकटीवाल्यांचा पुकारा झाला, ते आधी गेले. मग तात्या जिन्यानं आले, एक पाय अनवाणी. कुशाबाईला पहिल्या नंबरला बघून शेवटच्या पायरीवर थबकले.

"कुशे, तुजी बस गेली न्हवं," ते म्हणाले.

"चप्पल ज्याच्या हातात, नंबर त्याचा. काट्यावर तुमीच सांगायचा न्हवं?"

तात्या येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. दोरी सुटली. कार्ड दाखवून दोघं खाली आले तेव्हा घड्याळात आठला दहा कमी होते. धक्क्यावर पाय टेकेपर्यंत कुशाबाईनं चप्पल दिली नाही.

फाटकाबाहेर तात्यांनी टॅक्सीवाल्याला तो टोपीतला कागद दाखवला. गाडी निघाली. पूल गेला, नारळ आले, दोन्ही अंगांना पाणी आलं. कुशाबाईला यातलं काही दिसत नव्हतं. आरडाओरडा करून चारचौघांना ऐकवायचं तर इथं मराठी कळणारं कुणी नव्हतं, म्हणून तिनं आवाज न चढवता सरळ विचारलं, की ही अन्नम्मा कोण, कधीपास्नं हाय, आन सोपान कंपाउंडरनं किती घेऊन जुळवून दिली.

तात्यांनी वळून तिच्याकडं बघितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की बायको काय समजून बसलीय, आणि त्यांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून काळ्या कापडाची एक पुरचुंडी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

ही पुरचुंडी कुशाबाईनं ओळखली. इंद्रजितच्या पाचवीला सासूबाईंनी सटवाईपुढं पुजून पाळण्याला बांधलेली. पोराची राखण. पोर मोठं झाल्यावर ट्रंकेत गेली आणि आता नात राजनंदिनी झाल्यावर पुन्हा पाळण्याला बांधली होती. सटवाईची पुरचुंडी कुणी उघडत नसतं, उघडली तर पोराला बाधतं. पण हिचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला होता.

"उगड," तात्या म्हणाले. "आतलं बघ."

तिनं बोट घातलं. आतून नथ आली. सात मोती, मधला जरा पिवळसर, आणि तारेला तिच्या आईनं घालून घेतलेला पीळ.

तिनं तो पीळ अंगठ्यानं चाचपला. मग म्हणाली, "मंग तिनंच परत आणून ठिवली आसंल. भ्याली आसंल."

"टीप बघ," तात्या म्हणाले.

तिनं पुरचुंडी उलटी केली. काळ्या कापडावर पांढरा दोरा, बारीक उलटी टीप, शेवटी तीन गाठी. ही टीप घालणारं माणूस कऱ्हाटीत एकच होतं. कुशाबाई गोधडी शिवायला त्याच हाताखाली शिकली होती.

मग तात्यांनी सगळं सांगितलं, तुटक तुटक, खिडकीबाहेर बघत. नातीच्या बारशाला पुरचुंडी बांधताना त्या कुरतडलेल्या कोपऱ्यातून त्यांना मोती दिसला होता. दोन पोटं गेली म्हणून आईनं सटवाईला नवस केला असणार, सुनेच्या अंगावरचं सोनं पाळण्याला बांधीन. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं ती म्हणायची. म्हणून न विचारता नथ उचलली. पुढं दवाखान्यात बोंब झाली तेव्हा बोलायची वेळ होती, पण तिला वाटलं असणार की आता बोललो तर पोर जाईल. पदर तोंडात कोंबून बसली. आणि मरेपर्यंत बसलीच म्हणायची.

हे ऐकताना कुशाबाईच्या कानात आपलाच आवाज येत होता, 'इतकं लागलं बघा त्यास्नी.' तिनं विचारलं की मग मला आठ महिने का सांगितलं नाही.

"डॉक्टरपुढं मी हुबा ऱ्हायलो हुतो," तात्या म्हणाले. "तू न्हाय. मी जाऊन पाय धरणार हुतो. तुला कळू द्यायचंच नव्हतं."

अन्नम्मा म्हणजे ती नर्स. दवाखान्यात तिला सगळे नुसतं सिस्टर म्हणायचे, नाव त्याच दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या सोपानलाच माहीत. दरवर्षी नाताळला त्याला तिचं कार्ड यायचं. तिची तब्येत बरी नाही, असं सोपाननं सांगितलेलं. रेल्वेनं केरळला जायचं तर घरी काय कारण सांगणार, म्हणून तात्यांनी बोट धरली होती.

चेर्तला आलं. गाडी एका अरुंद रस्त्याला वळली आणि कौलारू घरापुढं थांबली. दोन दिवस नवऱ्याच्या पाठीवर डोळे लावून जी बाई पहिल्या नंबरनं बोटीतून उतरली होती, ती आता टॅक्सीतून उतरेना. गाडी वळवा म्हणाली. तुमी जावा, मी बसते म्हणाली. पाय भरून आले म्हणाली. तात्या दार धरून उभे होते. घड्याळात नऊ वाजून गेले होते.

"कुशे," ते हळूच म्हणाले, "नंबर तू लावलास. आता उतर."

दारातली बाई सत्तरीची. पांढरा झगा, हातात काठी, एक पाय ओढत चालणारी. तिनं दोघांकडं पाहिलं, तात्यांच्या टोपीवर नजर थांबली, आणि म्हणाली, "बारामती?"

आत बसवलं. पाणी दिलं. तात्या खुर्चीवर न बसता खाली बसले आणि पाय धरायला गेले, तर तिनं काठी आडवी धरली. कुशाबाईनं नथ पुढं केली. काय झालं ते तात्यांनी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पहिला प्रश्न विचारला तो नथीचा नव्हता.

"बाळ कसा आहे? पाय आधी आले होते त्याचे."

कुशाबाईला तिथं रडू फुटलं. इंद्रजित पुण्यात असतो, त्याला मुलगी झाली, राजनंदिनी नाव ठेवलं, हे सगळं तात्यांनीच सांगितलं. अन्नम्मा मान हलवत होती. जपून जपून मराठी शब्द काढत तिनं सांगितलं की बारामतीनंतर तिला कुठं काम मिळालं नाही. कामाच्या दाखल्यावर चोरीचं कारण लिहून दिलेलं. इथं एका शाळेत मुलींच्या वसतिगृहाचा स्वयंपाक केला, तीस वर्षं. नर्सचं काम पुन्हा केलं नाही.

कुशाबाईनं नथ तिच्या हातात द्यायला पाहिली. ठेवा, तुमचीच समजा, असं काहीतरी म्हणाली. अन्नम्मानं नथ घेतली नाही.

"माझ्यावर चोरीची गोष्ट," ती म्हणाली, "तुम्ही किती लोकांना सांगितली?"

पस्तीस वर्षं. हळदीकुंकू, पंगती, बाकडी. कालचं सोलापूरचं जोडपं. कुशाबाईला आकडा येईना.

"मला नथ नको. त्या सगळ्यांना परत सांगा."

एवढंच म्हणाली आणि चहा करायला उठली. चहा काळा होता, गूळ घातलेला. निघताना तिनं काठी टेकत फाटकापर्यंत येऊन दोघांना सोडलं.

बोटीवर ती दोघं पाऊण वाजता चढली. त्या संध्याकाळी जेवायला मास्तर जोडपं पुन्हा समोर आलं. तात्या ताटाकडं बघत राहिले. कुशाबाईनं नथ टेबलावर काढून ठेवली आणि म्हणाली, काल मी तुमाला एक खोटं सांगितलं. तिला वाटलं होतं की एकदा तोंड उघडलं की झालं. पण सांगताना घाम फुटला, आणि मास्तरीणबाईंनी शेवटी नुसतं 'अरेरे' म्हटलं, ते अन्नम्मासाठी की तिच्यासाठी ते कळेना.

कऱ्हाटीत आल्यावर तिनं आधी फोनवर इंद्रजितला सांगितलं, मग शेजारणींना, डेअरीतल्या बायकांना. इंदापूरच्या चुलतबहिणीला घरी जाऊन सांगितलं. बारामतीच्या स्टँडवर एका ओळखीच्या बाईला गाठलं, तिची बस सुटेपर्यंत सांगितलं. काहींना पहिली गोष्ट आठवतच नव्हती, तर तिला आधी ती सांगावी लागायची, स्वतःच्या तोंडानं, 'नुसत्या नजरंनं धरली' सकट, आणि मग खोडावी लागायची. त्याचा तिला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. तात्या म्हणाले, बास कर आता, तब्येतीला झेपायचं न्हाय. तिनं ऐकलं नाही.

संक्रांतीनंतर ती डाळजला माहेरी गेली. भावजयीनं हळदीकुंकू ठेवलेलं, पंधरा-वीस बायका जमलेल्या. यातल्या निम्म्यांनी ती गोष्ट तिच्याच तोंडून दहा वेळा ऐकलेली. कुशाबाईनं पुरचुंडी काढली, टीप दाखवली, नथ ताटात ठेवली, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं सांगितलं. नवस, पदर, वसतिगृहाचा स्वयंपाक, काळा चहा. दोघींनी डोळे पुसले. कुशाबाईला वाटलं, चला, हे घर झालं.

तेवढ्यात भावजय तिळगुळाची वाटी पुढं सरकवत म्हणाली, "काय सांगावं वन्सं. तिनंच परत आणून ठिवली आसंल. भ्याली आसंल."

दोन-चार बायकांनी माना डोलावल्या.

कुशाबाईनं भावजयीच्या तोंडाकडं पाहिलं. तिला कुणाचाही राग आला नाही, कारण वाक्य तिचंच होतं, शब्दाला शब्द. तिनं ताटातली नथ उचलली, भावजयीच्या हातात पुरचुंडी दिली, टीप नीट बघ म्हणाली, आणि मांडी घालून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.